जवारी

सांगलीच्या जिल्हा न्यायालयानं खालच्या कोर्टाचा निकाल फिरवला आणि वडिलांच्या हातचा शेवटचा तंबोरा थोरल्याला मिळाला. मिरजेच्या दुकानात भोपळा थोरल्यानं कोरायचा आणि तारांखाली दोरा सरकवून सूर घुमवणारी जवारी धाकट्यानं लावायची, ही वाटणी वडिलांचीच. दोघांना मात्र अख्खा तंबोरा हवा होता. खटलाभर तो कोर्टाच्या ताब्यात पडून राहिला. व्हरांड्यातच थोरल्यानं गवसणी काढली. "वाजवा की, आता तुमचाच आहे," वकील म्हणाले. त्यानं खुंट्या पिळून तार छेडली. पत्र्यावर खडा पडावा तसा आवाज आला. जिना उतरणारा धाकटा थबकला. "जवारी गेलीया त्याची," मागं न बघता म्हणाला. त्याचा हात सवयीनं खिशातल्या दोऱ्याकडं गेला आणि रिकामाच बाहेर आला. थोरल्यानं हाक मारायला तोंड उघडलं. पण इतकी वर्षं ज्याला कोर्टातल्यासारखं घरातही 'सामनेवाला' म्हटलं, त्याचं नाव जिभेवर येईना.