हजीरा रोडवरचा पाहण्याचा कार्यक्रम

मला बघायला मुलाकडच्यांनी हजीरा रोडवरच्या नव्या हॉटेलात बोलावलं. इंजिनीअर मुलगा, निनाद, नाक मुरडतच बसला. चमचे टिश्यूने घासून पुसले, "भैया, ये ग्लास धुला है क्या?" म्हणत वेटरला परत पाठवलं, आणि "मला घाण अजिबात चालत नाही," हे आईला, बाबांना, मला वेगवेगळं ऐकवलं.

निघताना काउंटरवर मुखवासाची वाटी होती. त्याने तिच्यातला चमचा भरून थेट तोंडात घातला, चाटूनपुसून तसाच परत वाटीत खोचला. मागच्या बाईंनी त्याच चमच्याने नातवाच्या हातावर बडीशेप घातली.

रिक्षात बाबांनी हरखून विचारलं, "मग, कसं वाटलं?"



"हॉटेल चांगलं आहे, बाबा."