तीन रेघांची कुस्ती

“चितपट झालं की हे,” गणपतराव पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. “दूध वर, पोरगं खाली.”

मंगळवार पेठेतल्या मनालीच्या संगणक वर्गात चपला बाहेर काढून तिघे उभे होते. तालमीचे अध्यक्ष गणपतराव, वस्ताद हंबीरराव आणि शाहूवाडीचा पैलवान कृष्णात. निकाल कृष्णातचा लागायचा होता. वजन वाढेना म्हणून मंडळानं वर्षभरात त्याचं दूध दोन लिटरचं पाच लिटर केलं. वजन वाढलं एक किलो. तेही बहुतेक लंगोट ओला असताना. आज ग्राफनं नाही म्हटलं की त्याची ट्रंक संध्याकाळच्या एस.टी.वर चढणार होती.

पहिला ग्राफ फसला होता. रोजचे दंड हजारात, दूध आणि वजनाची वाढ मात्र हाताच्या बोटांवर. एकाच मापपट्टीवर तिन्ही काढल्यावर दंडांची रेघ आभाळात गेली आणि बाकीच्या दोघी तळाशी झोपल्या. मनालीनं उजव्या बाजूला त्या दोघींसाठी वेगळी, लहान मापपट्टी लावली. तशी दुधाची रेघ जी उठली, ती पडदा फोडून पंख्याला अडकते की काय असं वाटलं. कृष्णातची रेघ तिथंच पालथी.

दूध कुठं जातं ते कृष्णातला ठाऊक होतं. रोज पहाटे वस्ताद त्याच्या दुधात भेसळ आहे का ते तपासायचे. तपासता तपासता किटलीचा तळ दिसायचा. पण ज्याच्या पायाची माती कपाळाला लावून तालमीत शिरला, त्याची चहाडी कृष्णात कुठल्या तोंडानं करणार?

“ताई,” तो खाली बघत म्हणाला, “तालमीच्या वजनाच्या वहीत शेवटच्या पानावर हाय, ते वजन बी घाला की.”

वस्तादांना ठसका लागला. दर सोमवारी पोरांना शिस्त लागावी म्हणून ते स्वतः आधी काट्यावर चढायचे आणि आकडा शेवटच्या पानावर टाकायचे. तालमीतल्या पोरांना ते पान कुणाचं हे सांगावं लागत नव्हतं.

“ऱ्हाऊ दे, जुनं हाय ते,” ते म्हणाले.

“यंदाचंच आहे, काका. नाव तेवढं लिहिलेलं नाही,” मनाली म्हणाली आणि वाढ काढून आकडे भरले.

उजव्या मापपट्टीवर तिसरी रेघ निघाली. दुधाच्या पाठोपाठ गेली, दुधाला गाठलं, दुधाच्या मानगुटीवर बसली आणि सतरा किलोवर जाऊन थांबली.

गणपतराव पडद्याजवळ सरकले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“वस्ताद, असा गडी पदरी असून लपवून ठेवलाय व्हय? रविवारी कबनूरच्या मैदानात आकारामसमोर ह्योच उतरंल. मी शब्द देऊन टाकतो.”

आकारामनं गेल्या महिन्यात दोघांचे खांदे उतरवले होते. तिसऱ्यानं तर त्याला नुसतं बघून खांदा धरला होता. वस्तादांचं वय सत्तावन्न. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा चपलांकडे.

“अध्यक्ष,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “पानांची अदलाबदल झालीया. वर चढलेली रेघ कृष्णातची हाय.”

गणपतरावांनी कृष्णातकडे बघितलं. त्याच्या बरगड्या सदऱ्यातनं मोजता येत होत्या. मग त्यांनी सावकाश वस्तादांकडे बघितलं.

“ठरलं तर. कृष्णात तालमीत ऱ्हाणार, रविवारी बी त्योच खेळणार. दूध मी सोत्ता पहाटे येऊन पाजीन.” ते पुन्हा पडद्याकडे वळले. “आता ही खालची वाळकी रेघ कुणाची, तेवढं सांगा.”

वस्तादांनी श्वास घेतला, धोतराबाहेर आलेलं पोट होतं नव्हतं तेवढं बळ लावून आत ओढलं, आणि म्हणाले,

“माझी.”