नेहमीची ऑर्डर

"गौसचाचा, हे काय लिवलंय?" स्नेहलनं चिठ्ठी सुलटी धरून पाहिली, मग उलटी.

"नेहमीचं लिवलंय की."

"कुणाचं नेहमीचं?"

"गगनबावड्याच्या जोतीरामचं. फूट-व्हॉल्व्ह सहा, बेअरिंग चार आन् वायसर मूठभर. मूठ म्हंजे चाळीस धर."

स्नेहलनं चाळीस टाइप केले. सकाळपासून मान वर करायला सवड मिळाली नव्हती, आणि टेबलावर अजून पन्नासेक चिठ्ठ्या होत्या.

लक्ष्मीपुरीतल्या बाळासोंच्या दुकानातून शेतीपंपाचे सुटे भाग जिल्हाभर जायचे. गावोगावच्या दुकानदारांच्या ऑर्डरी गौस सव्वीस वर्षं मोपेडवरून गोळा करत होता. मालकांच्या मुलानं, विश्वजितनं, दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर आणलं. दुकानदारानं मोबाइलवरून थेट ऑर्डर टाकायची. पण दुकानदार कसले टाकतायत! त्यांना फक्त नेहमीचं हवं असायचं, आणि नेहमीचं म्हणजे काय ते एका गौसला ठाऊक.

त्यावर उपाय होता. जुन्या ऑर्डरींवरून सॉफ्टवेअरच प्रत्येकाची नेहमीची ऑर्डर मांडणार, दुकानदारानं नुसतं 'हो' म्हणायचं. त्यासाठी बाहेरून जोडलेली एक सोय होती, ती आठवड्यातून दोनदा मान टाकायची, शेवटी काढूनच टाकली. म्हणून कंपनी आता ती सोय सॉफ्टवेअरमध्येच देणार होती. येऊ घातलेल्या नऊ सोयींची यादी विश्वजितनं भिंतीवर चिकटवली होती. आली की तो स्वतः खूण करायचा. आठांवर खुणा झाल्या होत्या. चौथी, नेहमीची ऑर्डर, तेवढी कोरी होती.

बाळासोंनी गौसला तोंडावर सांगून टाकलं होतं. "ती सोय चालू झाली की तुझी फिरती बंद. मागनं म्हणू नगंस, मालकानं अंधारात ठेवलं."

"व्हय मालक," गौस म्हणाला होता. त्याच्या मुलीच्या, रुबीनाच्या नर्सिंगचं अजून एक वर्ष बाकी होतं. ते बाळासोंनाही माहीत होतं. पण धंदा म्हटला की बाळासो कुणाचेच नव्हते.

दर सोमवारी ते मुलाला विचारत, "आली काय रं तुझी सोय?"

विश्वजित लालबुंद व्हायचा. मोबाइल कानाला लावून काचेच्या केबिनमध्ये शिरायचा. "किती दिवस थापा मारणार? आम्ही काय येडे हाय काय?" त्याचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. मग बाहेर येऊन सांगायचा, "पुढच्या महिन्यात म्हणतायत."

"बोलाचीच कढी," बाळासो म्हणायचे.

विश्वजितची तगमग स्नेहलला दिसत होती. आषाढात तर तो गौसच्या मागं बसून गगनबावड्यापर्यंत जाऊन आला, दुकानदारांना मोबाइल शिकवायला. भिजून परतला. शिकलं कुणीच नाही. गौसच्या घरी नजीराचाचीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही, एवढंच त्यानं सांगितलं आणि दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही.

या सोमवारी मात्र कडेलोट झाला. पन्हाळ्याच्या झुंबरबाईंना चार बेअरिंगांच्या जागी चौदा गेली होती.

"डोळं हाईत का बटणं?" बाळासो सगळ्या दुकानासमोर स्नेहलवर ओरडले.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चूक तिची होती, पण दिवसाला दोनशे ओळी टाइप करायला माणूस आहे का यंत्र? विश्वजित बाहेर गेला होता. तिनं स्क्रीनच्या तळाशी दिसणारा कंपनीचा नंबर फिरवला.

"नमस्कार, निशिगंधा बोलतेय."

स्नेहलनं दुकानाचं नाव सांगितलं आणि तोंड सोडलं. "तुमची ती नेहमीची ऑर्डर कवा येणार हाय? दर सोमवारी आमचं दादा घसा फोडत्यात, आन् तुमचं आपलं पुढचा महिना, पुढचा महिना. लाज कशी वाटत न्हाय?"

पलीकडं कळफलक वाजला.

"मॅडम, ती सोय गणपतीच्या आधीच आलीय. तुमच्याकडेही चालू केली होती."

"मग मला दिसत का न्हाय?"

"तुमच्या बाजूनं बंद केलीय. दर नव्या आवृत्तीबरोबर ती आपोआप चालू होते, आणि त्याच दिवशी विश्वजित सरांच्या नावानं बंद होते. चारदा झालंय."

"असं कसं? ते दर सोमवारी तुम्हालाच फोन करत्यात की!"

"गणपतीनंतर तुमच्या दुकानातून आलेला हा पहिलाच फोन आहे, मॅडम."

दार वाजलं. विश्वजित आत आला. बाळासोंनी नुसत्या भुवया उंचावल्या, तसा त्यानं मोबाइल कानाला लावला आणि केबिनमध्ये शिरला. "आमचा माणूस पावसापाण्यात फिरतोय, आन् तुम्ही—" काच हादरेल असा तो ओरडत होता.

"मी इथून चालू करून देऊ का?" निशिगंधानं विचारलं. "मिनिटाचं काम आहे."

पायरीवर बसून गौस उरलेल्या चिठ्ठ्या गावागावांप्रमाणं लावत होता.

"नगं," स्नेहल म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणत्यात गं कंपनीवालं?" बाळासोंनी विचारलं.

स्नेहलनं पुढची चिठ्ठी ओढली.

"अजून वर्षभर तरी जमणार न्हाय म्हणत्यात, मालक."