नायगाऱ्यात काय टाळावं

"हे शहर चालवणारे चोर आहेत, मावशी. लायसन काढून बसलेले चोर!"

स्टीव्हनने गाडीचं दार असं आपटलं की आरशाला टांगलेली लविनाची रोझरीची माळ झुलायला लागली. मेणाच्या पुतळ्यांच्या म्युझियममधून दोघं नुकतीच बाहेर पडली होती. आत एक जगप्रसिद्ध गायक होता म्हणे. आन्नामावशीला तो वसईच्या पेद्रू बँडवाल्यासारखा दिसला.

"पेद्रूचे निदान दोन्ही डोळे एकीकडे बघतात," ती म्हणाली.

"लविनाने बजावलं होतं, तिथे पाय ठेवू नका. मीच शहाणा!"

लविना म्हणजे त्याची बायको. नायगारा तिला तोंडपाठ. कॅनडातल्या त्यांच्या मिल्टन गावात कुणाकडेही इंडियातून पाहुणे आले की त्यांना धबधबा दाखवणं आलंच, आणि चार खेपा झाल्या की यजमानाला त्या धबधब्याची शिसारी येते. लविनाला नाही. शेजारच्या मिलिंदचे सासूसासरेसुद्धा तिनेच नेले, तेही हसतमुखाने. मिलिंदच्या सासूबाई परत आल्यावर किती कौतुक करत होत्या! "आम्हाला बोटीपाशी उतरवलं, तिकिटं हातात ठेवली, आणि पोर बिचारी दुपारभर गाडीत बसून राहिली. तिने तरी तेच तेच किती बघायचं?" ऐकून स्टीव्हनची छाती फुगली होती.

तो स्वतः कित्येक वर्षांत इथे फिरकला नव्हता. दोघं कमावत होती तरी घराचा हप्ता जेमतेम निघायचा, म्हणून शनिवारीसुद्धा तो वॉनच्या गोदामात ओव्हरटाइम करायचा. त्याबद्दल सरकारला शिव्या घालायचा. बँकेला घालायचा. शिव्या उरल्या तर थंडीलाही घालायचा.

आजचा शनिवार मात्र त्याने भांडून मागून घेतला होता. आई गेल्यावर याच मावशीने त्याला लहानाचं मोठं केलं, आणि उद्या तिचं परतीचं विमान होतं. तिचे गुडघे म्हणत होते, बाई, ही शेवटची फेरी. तिला एक दिवस द्यायचा, मरेपर्यंत आठवेल असा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. लविनाची आज हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात ड्यूटी होती. "पुढच्या वेळी मी नेते ना त्यांना," ती दोनदा म्हणाली. पुढची वेळ कुठली? त्याची व्हॅन मेकॅनिककडे पडलेली, म्हणून त्याने तिचीच गाडी काढली. मग तिने निघता निघता सगळं पढवलं. टॉवरवरचं फिरतं रेस्टॉरंट टाळा, नुसती हवा विकतात. भुताचं घर टाळा. कसिनोच्या, त्या जुगारघराच्या बाजूला तर फिरकूच नका, तिथलं जेवण भिकार आणि पार्किंग म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा. जेवायचं तर टेकडीवरच्या इंडियन बुफेत.

फोन वाजला.

"कुठे पोहोचलात?" लविनाने विचारलं.

"जेवायला निघालोय."

"टेकडीवरच ना? मध्येच कुठे वळू नका हं."

"बघ मावशी," फोन ठेवत तो म्हणाला, "अंगावर ड्यूटी आहे, पण जीव सगळा आपल्यात."

टेकडीवर पोहोचली तर बुफेच्या काचांना आतून खाकी कागद चिकटवलेला. शेजारचा पिझ्झावाला दारात उभा होता. म्हणाला, "ते होय? ते तर कोविडमध्येच बंद पडलं."

"काहीतरी सांगू नका. माझ्या बायकोने गेल्या महिन्यात इथली बिर्याणी खाल्लीय!"

पिझ्झावाल्याने खांदे उडवले आणि तो आत गेला.

"पाहिलंस?" स्टीव्हन कडाडला. "पोटभर, चांगलं खायला घालणारा माणूस या शहराला चालत नाही. महिन्याभरात उठवला बिचाऱ्याला! आणि हा थापाड्या स्वतःचे पिझ्झे खपवायला बघतोय. कुणाला विचारायचा जाब? आहे कुणी जबाबदार?"

"आधी जेव," मावशी म्हणाली. तिने पिशवीतून चपात्या आणि सुक्या बोंबलाची चटणी काढली. काचा वर करून दोघं गाडीतच जेवली.

"तुला दिवस चांगला द्यायचा होता गं," तो घास तोंडात ठेवून म्हणाला.

"सकाळी पाणी पाहिलं ना मी? ते काही खोटं नव्हतं." थोडा वेळ गेला आणि ती चुळबुळ करायला लागली. "स्टीव्हन, मला जायला लागेल रे. डायबेटिसच्या गोळ्यांनी हा ताप आहे."

सार्वजनिक वॉशरूमला कुलूप. दुरुस्ती चालू. स्टीव्हनने कुलपावर लाथ मारली. मग समोर बघितलं. जवळपास उघडा दरवाजा एकच दिसत होता, कसिनोचा.

"तिथे नको. लविनाने सांगितलंय."

"लविनाने मला सांगितलंय, माझ्या पोटाला नाही. वळव गाडी!"

त्याने गाडी पार्किंगच्या फाटकापाशी नेली आणि काच खाली केली. भांडण ओठांवर तयारच होतं. आज कुणीतरी एकाने तरी त्याला उत्तर द्यायलाच हवं होतं.

पण तो तोंड उघडायच्या आधीच आडवा दांडा वर गेला. केबिनमधला पगडीवाला म्हातारा रोझरीकडे बघून हसला आणि वाकून आत डोकावला.

"ये तो लविना दीदी की गाडी है! आज दीदी नहीं आईं?"

स्टीव्हनने हातातलं पाकीट तेवढं पुढे केलं.

"रखिए, रखिए भाईसाहब! दीदी की गाडी से पार्किंग कौन लेगा? अंदर उनकी जुएवाली मशीन भी खाली पडी है. शनिवार को वहाँ कोई और बैठता ही नहीं."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सीटवरचा फोन पुन्हा वाजायला लागला. पडद्यावर लविनाचा हसरा फोटो. स्टीव्हनचा पाय ब्रेकवर तसाच होता.

मावशीने एकदा फोनकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"सकाळपासून जगाला जाब विचारतोयस," ती म्हणाली. "आता मला सांग, दर शनिवारी वॉनला राबायला जातोस ते कुणासाठी?"