पाच दांडवण आणि एक गोगलगाय

“पेटी रोज धुताय काय?” बनुबाई भोयणीनं विचारलं.

“रोज,” हंबीरराव हवालदार छाती काढून म्हणाले. “पहाटं उठून राखेनं घासतो. शिळं पाणी वततो, हिरीचं ताजं भरतो. डाग म्हनून दिसायचा न्हाई.”

बनुबाई कपाळाला हात लावणार होती, पण हात खवल्यांनी भरलेले. सांगलीच्या घाटाखाली तिनं तीस वर्षं मासे धरले होते. इतक्या शिस्तीत मारलेले मासे मात्र आज पहिल्यांदाच ऐकले.

“आवं हवालदार, ते काय प्यायच्या पाण्याचं हंडं हाय व्हय? मुरलेलं पाणी लागतं माशाला. तुमी तर त्याला रोज पहाटं बेघर केलंसा.”

हवालदारांचे कान लाल झाले. लढाईवरून पाच वर्षांनी घरी येताना त्यांनी फौजेतल्या बॅटरीची रिकामी काचेची पेटी आणली होती, घागरभर पाणी मावेल एवढी. तिच्यात आठ मासे सोडले. तिसऱ्या दिवशी आठही उलटे तरंगत होते. आणि जिच्यासाठी हा सगळा थाट मांडला होता, तिनंच ते सगळ्यांच्या आधी बघितलं.

ती चार पायऱ्या वर पाठ करून बसली होती. अंजना, त्यांची लेक, वय वर्षं सहा. बाप फौजेत गेला तेव्हा ती रांगत होती.

“आजे, त्येंनला सांग,” ती पाठमोरीच म्हणाली. “त्येंनीच मारलं.”

हवालदार बनुबाईपासून दोन हातांवर उभे होते. “ऐकू आलं न्हवं?” बनुबाईनं विचारलं.

“आलं. घरात आईला सांगती, त्येंनला भाकरी वाढ. आज आई न्हाई, तर तुमी. तीन महिनं झालं, माज्याशी एक शबुद न्हाई. रिबिनी दिल्या, बिस्किटं दिली, बाहुली आणली. मागंल त्याला कवा न्हाई म्हणालो न्हाई. समदं घेती आन आईच्या मागं जाऊन हुबी ऱ्हाती.” त्यांनी लेकीच्या पाठीकडं बघितलं. “ह्या पेटीपाशी मातुर माज्या शेजारी बसली हुती. दोन दिस.” मग हळूच म्हणाले, “मावशी, ह्या खेपंला मरून चालायचं न्हाई.”

“बसा,” बनुबाई म्हणाली, आणि तिनं जित्या माशांचं घमेलं पुढं ओढलं. “ए पोरी, हिकडं ये. मासं तू सांभाळणार का मी?”

अंजना आली, पण लांबून वळसा घालून. बाप वाटेत येऊ नये म्हणून. ती घमेल्यावर वाकली.

“खेकडा.”

“वर चढून भाईर येतोय आन तुज्या अंथरुणात निजतोय. फुडं बोल.”

“ही लांब?”

“वांब. समदा जलम चिखलात तोंड खुपसून. तू काय तिची शेपूट बघत बसणार?”

मग बनुबाईनं स्वतःच हात घातला. बोटाच्या पेराएवढे, अंगावर आडवी काळी रेघ असलेले पाच मासे तिनं एकेक करून हवालदारांनी आणलेल्या मडक्यात सोडले. “ही दांडवण. गुणाची जात. एकटी झुरती, म्हनून पाच. थोड्या पाण्यात भागवती, कुणाला चावत न्हाई. आन ही गोगलगाय. काचंवरचं शेवाळ हीच चाटून काढती.” ती हवालदारांकडं वळली. “राख चुलीतच ऱ्हाऊ द्या. रोज तांब्याभर पाणी काढायचं, तांब्याभर नदीचं घालायचं. बास.”

अंजनाचं लक्ष मात्र घमेल्याच्या कडेला होतं. तिथं मिरचीच्या तुकड्यासारखं लालभडक काहीतरी सुळसुळत होतं.

“ते लाल.”

“ते मरळीचं पिल्लू. चुकून जाळ्यात आलंय, सोडायचं हाय. मरळ पिल्लं राखत असली की आमी तिच्यावर जाळं टाकत न्हाई. आन बयो, आज लाल हाय. दोन-चार महिन्यांत काळं हुईल, ह्या पाचीस्नी गिळंल, आन मग उडी मारून पेटीभाईर पडंल.”

“आजे, त्येंनला सांग. मला तेच पायजे.” तिचे डोळे भरले.

बनुबाईनं घमेलं हवालदारांकडं सरकवलं. आता तिचं काम नव्हतं. हवालदारांचा हात आपोआप घमेल्यात गेला, तीन महिने जसा खिशात जात होता तसा. लाल पिल्लू त्यांच्या ओंजळीत आलं. ते लेकीकडं बघत राहिले. मग उठले, दोन पायऱ्या खाली उतरले आणि ओंजळ कृष्णेत बुडवून उघडली.

“न्हाई,” ते म्हणाले. “ते मिळायचं न्हाई. आपून ही पाच न्यायची.”

अंजना पाय आपटत थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“तुमी लय वाईट हायसा! आदी आठ मारलं, आन आता माजं लालबी सोडलं! मी तुमच्यासंगं कवाच बोलणार न्हाई!”

बनुबाईनं घाईनं तोंडाला पदर लावला.

“बरं,” हवालदार म्हणाले. “नको बोलूस.”

त्यांनी मडकं पोटाशी धरलं आणि ते पायऱ्या चढू लागले. अंजना शेजारून चढत होती आणि तिचं तोंड चालूच होतं. पेटीला हात लावायचा नाही, राख तर बघायचीसुद्धा नाही, गोगलगाय तिची एकटीची. बोलता बोलता तिनं एक हात मडक्याच्या बुडाला लावला.

बनुबाई खाली मासे साफ करायला बसली, तरी वरून आवाज येतच होता.

“आवं, दमानं चाला की! सांडतंय!”