जावयाच्या अंगातलं लोखंड

गॉलवेला लेकीकडे आल्यापासून मंदाकिनीबाईंनी एकच ध्यास घेतला होता. सदा थकलेल्या आयरिश जावयाच्या, डोनलच्या अंगात रक्त भरायचं! साताऱ्याहून आणलेल्या लोखंडी कढईत रोज पालक शिजे, वर अळिवाचा लाडू. जावयाचा गोरा रंग सावळला, तेव्हा तर त्यांनी बहिणीला फोन केला, "आता अगदी आपल्यातला दिसतो हो!"

मग तपासणी झाली. डोनलच्या अंगात लोह साठून यकृतावर सूज आली होती. मंदाकिनीबाईंनी रडत रडत कढई बॅगेत कोंबली. "मीच विष घातलं गं त्याला!"

डॉक्टरीणबाईंपुढेही त्यांचं मुसमुसणं थांबेना.

"आई, दोष कढईचा नाही," गार्गीने डॉक्टरांचं म्हणणं मराठीत सांगितलं. "हे जन्मतःच असतं. आयरिश घराण्यांत पुष्कळ आढळतं, आईवडिलांकडून येतं. कातडी काळवंडते, बोटांचे सांधेही दुखतात. वेळोवेळी रक्त काढलं की लोह उतरतं."

मंदाकिनीबाईंचे डोळे एकदम कोरडे झाले. मुलीकडची म्हणून लग्नापासून झुकलेली मान ताठ झाली. आता बोलायचंच, म्हणून त्या शेजारी बसलेल्या विहीणबाईंकडे, डोनलच्या आईकडे वळल्या.

विहीणबाई नेहमीप्रमाणे बोटांची दुखरी पेरं चोळत होत्या. वय झालं, म्हणायच्या. मांडीवर लाडवांचा डबा होता. याच दुखण्यावर मंदाकिनीबाईंनीच दिलेला.

ओठांवर आलेलं वाक्य मंदाकिनीबाईंनी गिळलं. डबा अलगद काढून घेतला, आणि विहिणीची बाही कोपरापर्यंत वर सारली.

"गार्गी, डॉक्टरांना सांग, लगे हात यांचंही रक्त बघा."