बुधवारचा उपास

गोजानं भाकरी आईपुढं ठेवली आणि फ्रॉकला हात पुसत ती समोर बसली. बाजरीची होती. एका कडेला करपली होती, पण पापुद्रा चांगला सुटला होता. सारजाबाई भाकरीकडं बघत राहिली.

"मीच थापली," गोजा म्हणाली. "कुनाला हात लावू दिला न्हाई."

देहूरोडच्या पलीकडं विलायती बायांनी चालवलेल्या अनाथाश्रमाच्या ओसरीवर दोघी बसल्या होत्या. अनाथ म्हणावं असं गोजाचं काही नव्हतं. आई होती, आजी-आजोबा होते, चाकणजवळच्या गावात घर होतं. दुष्काळाच्या साली बाप गेला, तेव्हा आजोबांनीच नातीला बैलगाडीत घालून इथं आणून सोडलं. त्या वेळी मिशनच्या बायांचं अन्न चाललं. आता त्याच चुलीवरची भाकरी सुनेनं खाल्ली की ती बाटणार होती.

निघताना सासूनं बजावलं होतं, "पोरीला खुशाल बघून ये. पर तिथलं पानीबी तोंडात घातलंस, तर माज्या चुलीला हात लावायचा न्हाई. धाकट्या पोराला घिऊन गोठ्यात ऱ्हा." नुसत्या सांगण्यानं भागणार नाही म्हणून दीर चिमाजीला बरोबर धाडलं होतं. तो फाटकाशी दगडावर बसून विडी ओढत होता, तोंड ओसरीकडं करून.

"खा की, आई."

"आज उपास हाय मला."

"बुधवारचा?"

"व्हय. धरलाय."

कोणत्या देवाचा, असं पोरीनं विचारलं असतं तर पंचाईत झाली असती. पण गोजानं ते विचारलं नाही.

"मागं आलीस तवाबी उपासच व्हता," ती म्हणाली. तक्रार अशी नव्हती, आपली आठवलं म्हणून बोलली.

आतून आश्रमाची मोठी बाई आली. उन्हानं लाल झालेली, पायघोळ झग्यातली. "मुलगी सकाळपासून चुलीपाशी आहे," ती पुस्तकातल्यासारख्या मराठीत म्हणाली. "आधीच्या भाकऱ्या मोडल्या, तेव्हा रडली. ही न मोडता झाली. आपण अवश्य खावी." आणि मायलेकींना बोलू द्यावं म्हणून ती लगेच आत गेली.

सारजाबाईनं मान खाली घातली. तेव्हा तिला गोजाचं बोट दिसलं. तव्यानं भाजून टरारून फुगलं होतं. लेकीला भाकरी आईनं शिकवायची, मागं बसून, तिच्या हातावर आपला हात धरून. इथं ते दुसऱ्याच कुणी तरी केलं होतं आणि आई पाहुणीसारखी उपास सांगत बसली होती. तिला लाज वाटली. सासूची भीती होती, ती होतीच. पण लाज वाटली ती त्या फुगलेल्या बोटाची.

होईल ते होईल, असं मनाशी म्हणून तिनं भाकरीकडं हात नेला.

फाटकाशी चिमाजी खाकरला.

हात आपोआप मागं आला आणि पदर सारखा करू लागला. गोजानं आईच्या हाताकडं बघितलं, मग फाटकाकडं बघितलं. ती उठली आणि भाकरी घेऊन आत गेली.

ती परत आली तेव्हा फ्रॉकच्या ओच्यात भुईमुगाच्या शेंगा होत्या. त्या तिनं आईच्या हाती दिल्या नाहीत. पायरीवर ओतल्या आणि मागं सरून उभी राहिली.

"माज्यासंगच्या यमीची आईबी ह्याच घेती," ती हळूच म्हणाली. "दाना टरफलात असतोय. बाट लागत न्हाई." मग फाटकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "घे आई. उपासाला चालत्यात."

सारजाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीनं तिचं खोटं ओळखलं होतं आणि ओळखून वर झाकूनही घेतलं होतं. तिनं शेंगा पदरात भरल्या. भाकरीबद्दल काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण न चाखलेल्या भाकरीचं कौतुक तरी काय करायचं?

"बोटाला त्याल लाव," एवढंच ती म्हणाली.

"लावते."

जवळ घ्यावं म्हणून तिनं हात पुढं केला, तर गोजानं आपले दोन्ही हात पाठीमागं नेले. "काका बघत्यात," ती म्हणाली. "तुला घरी गेल्यावर आंघोळ करावी लागंल."

फाटकाबाहेर आल्यावर चिमाजीनं विडी विझवली, हसत ओंजळ पुढं केली आणि वहिनीच्या पदरातल्या शेंगा घेतल्या. लष्कराच्या डेपोचे ट्रक धूळ उडवत चालले होते. रस्त्याच्या कडेनं तो टरफलं फोडत चालला.

"पोरगी शानी झाली," तो कौतुकानं म्हणाला, "वळण चांगलं लागलंय." सोललेले दाणे त्यानं तिच्यापुढं धरले. "खा की वैनी. ह्याला काय व्हतंय?"

सारजाबाईनं मान हलवली.

"आज उपास हाय मला," ती म्हणाली.